घर मला सोडून गेलं तेव्हा

माझं घर माझ्या डोळ्यांदेखत चालू लागलं, तेव्हा माझ्या एका हातात अर्धवट पिळलेला टॉवेल होता आणि दुसऱ्या हातात साबणाची डबी. अंगावर गाऊन, त्यावर ओढणी, केस ओले. सकाळचे साडेनऊ वाजलेले, मे महिन्यातलं मालवणकडचं ऊन, रस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीचा नळ आणि नळावर मी एकटी.

"अहो," मी हाक मारली. "अहो, थांबा की."

गाडी पुढं सरकली. मी टॉवेल टाकला आणि गाडीच्या डाव्या अंगानं पळत सुटले, ते पार पुढच्या दारापर्यंत गेले. आमचे हे स्टिअरिंगवर ताठ बसलेले. त्यांनी डाव्या आरशाकडं नजर टाकली. त्या आरशाला माझा हात पोचला असता, एवढी मी जवळ होते. त्यांचा डोळा आरशाकडं फिरलेला मी स्वतः बघितला. मग त्यांनी गिअर टाकला आणि गाडी गेली. मी कडेच्या मातीत खालीच बसले.

मागच्या काचेला मी हातानं शिवलेला फुलाफुलांचा पडदा होता. वळणाआड जाईपर्यंत तो मला दिसत होता. फोन गाडीत, पर्स गाडीत, नवरा गाडीत, आणि मी नळावर.

आता तुम्ही म्हणाल, सख्खा नवरा बायकोला असा सोडून जातोच कसा. तर त्यासाठी आमचं खटलं थोडं सांगायला पाहिजे. मी राजमती चौगुले. गाव शिरोळ तालुक्यातलं. आमचे हे, भूपाल चौगुले, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, आणि मी अठरा वर्षं कंडक्टर. त्यातली पाच-सहा वर्षं आमची ड्यूटी एकाच गाडीवर लागायची. डेपोत चेष्टा चालायची, की नवरा गाडी चालवतो आणि बायको नवऱ्याला. एकतीस वर्षांत यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही. विना अपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता, तो रिटायर झाल्यावरही खिशावर लावून फिरायचे. लग्नकार्याला निघालो की मी मंगळसूत्र बदलायची आणि हे बिल्ला पुसायचे.

रिटायर झाले आणि म्हणाले, "तुला कोकण दाखवतो."

मी म्हटलं, "मालवण, देवगड, वेंगुर्ला, सगळ्या ड्यूट्या केल्यात मी. आता काय दाखवताय?"

"तू स्टँड बघितलीस. गावं कुठं बघितलीस?"

खरंच होतं ते. मालवणला मी शंभरदा गेले असेन, पण समुद्र काही पायाला लागला नव्हता. गाडी लागायची, हिशोब भरायचा, एक कप चहा, की परत फिरायचं. मी पण मग नोकरी सोडली. यांनी एक जुनी मिनीबस घेतली, गावातल्या फॅब्रिकेटरकडून तिच्यात पलंग बसवला, ओटा केला, गॅस आणि पाण्याची टाकी लावली. लोक तिला मोटारहोम म्हणायचे, आम्ही घरगाडी म्हणायचो. पुढं ड्रायव्हरची केबिन, मागं घर, मधे पडदा. त्या उन्हाळ्याला आता सहा वर्षं झाली.

सवयी मात्र एसटीच्याच राहिल्या. एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. घरगाडीला घंटी नव्हती, म्हणून मी पत्र्यावर दोन थापा मारायची. मी आत असो नाहीतर बाहेर, दोन थापा पडल्या की हे निघणार. मागं वळून बघणं, विचारणं, काही नाही. तो कंडक्टरवरचा विश्वास, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग उजाडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, हा नेम मी लग्नापासून पाळते. ड्यूटीवर असताना सुद्धा पाचला डबा खाऊन घ्यायची. आणि आमच्या ह्यांनी जन्मभर रात्री अकराला कँटीनमध्ये ताट पुढं ओढलं. सासूबाई सांगून सांगून थकल्या आणि तशाच गेल्या. तर हा माणूस फेब्रुवारीत एक दिवस मिरजेहून आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "आजपासून रात्रीचं बंद." माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात गेले, आणि भेटेल त्या बाईला सांगत सुटले, की आमचे हे सुधारले.

प्रवासातही त्यांचा नेम माझ्याहून कडक. पाच वाजले की गाडी रस्त्याच्या बाजूला. सहाच्या आत जेवण. दिवस मावळला की किल्ली खिळ्याला. कुठं एवढंसं अंतर राहिलेलं असायचं, मी म्हणायची, अजून अर्धा तास उजेड आहे, जाऊ की. हे म्हणायचे, "नको. नेम म्हणजे नेम." मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू.

रुखरुख एकाच गोष्टीची होती. आठ दिवसांत गाडीला तीन ओरखडे आले होते, तिन्ही डाव्या अंगाला. एक देवगडला आंब्याच्या पेट्यांच्या थप्पीला घासून, एक चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एक दीपगृहाजवळच्या खांबाला. दर वेळी चूक पेट्यांची, चिऱ्यांची, खांबाची. आणि दुसऱ्या दिवशी फोंडाघाट चढून आम्हाला घरी जायचं होतं. वळणावळणाला दरी, कधी ह्या अंगाला, कधी त्या अंगाला. म्हणून त्या सकाळी मी विषय काढला.

"घरी गेल्यावर डोळे तपासून घ्या."

"डोळ्यांना काय झालंय?"

"तीन ओरखडे झालेत. तिन्ही डावीकडं."

"कोकणातले रस्ते अरुंद आहेत."

"ह्याच रस्त्यांवरून तुम्ही एसटी हाकलीत. ती काय अंगानं बारीक होती?"

यावर त्यांचं डोकं फिरलं. "तू तिकिटं फाड," म्हणाले. "गाडीचं मी बघतो."

लग्नाच्या बायकोला आणि अठरा वर्षांच्या कंडक्टरला असं बोलायचं नसतं. मी टॉवेल उचलला आणि नळावर गेले. त्यानंतर काय झालं ते सांगितलंच.

नळासमोर एक लहानसं दुकान होतं. दुकानाची बाई, मेस्त्रीवहिनी म्हणून, हात पुसत धावत आली. माझ्या काखेत हात घालून तिनं मला उठवलं.

"घोव खंय गेलो?" नवरा कुठं गेला म्हणून तिनं विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

"भांडान?"

"भांडण झालं होतं खरं."

"मगे येतलो. भांडान गेलेलो घोव जेवणाच्या वेळेक बरोबर येता." तिनं मला सावलीत बाकड्यावर बसवलं आणि चहा ठेवला. मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही.

चहा पिता पिता मी विचार करत बसले. एसटीत असताना मी दोनदा घंटी दिलेली असायची, गाडी सुटलेली असायची, आणि तरी मागून कोणी पळत येताना आरशात दिसलं की हे थांबायचे. मी ओरडायची, की टायमिंग चुकतंय. हे म्हणायचे, दिसलं की थांबायचं, न दिसल्याचं सोंग मला जमत नाही. असा माणूस. मग आज काय झालं? दोनच गोष्टी असू शकत होत्या. एक तर त्यांनी मला बघितलं आणि रागानं सोडून गेले. नाहीतर हात पोचेल एवढ्या अंतरावर उभी असलेली बायको त्यांना दिसलीच नाही. खरं सांगते, पहिली गोष्ट खरी निघू दे, असं मी मनात म्हणत होते. रागावलेल्या नवऱ्याला परत आणता येतं.

पंचावन्न मिनिटांनी घरगाडी परत आली. हे खाली उतरले ते हसतच. हातात एक शहाळं.

"वहिनी, तुम्ही ऐका," त्यांनी मेस्त्रीवहिनीलाच मधे घेतलं. "मागं मासळीचा टेम्पो उभा होता. त्यातल्या माणसानं वाट मागायला आमच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. मला वाटलं, हिनं मारल्या. मी निघालो. चौदा किलोमीटर पडद्याकडं तोंड करून हिची समजूत काढतोय. म्हटलं चुकलं माझं, तिकिटं फाड म्हणायला नको होतं. ही बोलेना. म्हटलं बाई लईच रागावली. शेवटी शहाळं घेतलं आणि पडद्यातून हात आत घातला. घ्यायला कोण नाही."

मेस्त्रीवहिनी पदर तोंडाला लावून हसली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, ओढणी दंडावर नीट ओढून घेतली आणि शहाळं घेतलं.

"सगळी माफी तिकडंच मागून झालीय," हे मला म्हणाले. "आता परत मागणार नाही."

"नका मागू," मी म्हटलं. "पण आता मी पुढं बसणार."

गाडीत जाऊन मी कपडे बदलले, लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस घातला आणि केबिनमध्ये त्यांच्या डावीकडच्या सीटवर येऊन बसले. गाडी निघाली. थर्मासातला चहा कपात ओतला. एरवी मी म्हणायची, अहो, चहा घ्या. त्या दिवशी काही म्हटलं नाही. कप नुसता त्यांच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर धरला आणि गप्प राहिले.

हे बोलत होते. "आता पूल लागेल बघ. पुलावरून डावीकडं खाडी दिसते. संध्याकाळी काय सुंदर दिसत असेल, पण तेव्हा आपली गाडी नेहमी उभारलेली असायची."

मी कप धरून होते. वाफ यायची थांबली. एक किलोमीटरचा दगड गेला. पूल आला, पूल गेला. चहावर साय धरली. थोडा चहा माझ्याच मांडीवर सांडला. ते समोर बघून बोलतच होते.

"चहा धरलाय," मी शेवटी म्हटलं.

"दे की मग. धरून काय बसलीस?" असं म्हणून त्यांनी सगळी मान वळवली, तेव्हा कुठं त्यांना कप दिसला.

त्या एका कपानं मला आठ दिवसांचा सगळा हिशोब लागला. समुद्रावर चालताना मी त्यांच्या डावीकडं गेले की हे मला हाताला धरून उजवीकडं घ्यायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लाड चाललेत. सकाळी आरशाकडं त्यांचा डोळा फिरला होता, मान फिरली नव्हती. एकतीस वर्षांची सवय, ती डोळ्याला होती. दिसण्याशी तिचा संबंध राहिला नव्हता.

त्या दिवशी आम्ही एक देऊळ बघितलं आणि एक पांढऱ्या वाळूचा किनारा. मी गाडी हळू चालवा, हळू चालवा एवढंच म्हणत राहिले. साडेचारलाच म्हटलं, माझं डोकं दुखतंय, थांबू. सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. मी भाकऱ्या टाकल्या, मुगाची आमटी केली. दार उघडं ठेवून आम्ही आतच मांडी घालून बसलो, समोर समुद्र. ऊन अजून चांगलं होतं.

त्यांनी पहिला घास घेतला आणि मी विचारलं, "डावा डोळा कधी गेला?"

त्यांनी दुसरा घास घेतला. "आमटी झकास झालीय."

"फेब्रुवारीत मिरजेला गेला होता, तेव्हा कळलं का?"

"भाकरी वाढ."

मी वाढली नाही.

"काचबिंदू म्हणाले," शेवटी बोलले. "डावा गेल्यात जमा आहे. उजवा अजून बरा आहे, त्यात औषध घालायचं."

"औषध कुठं आहे?"

"टूलबॉक्समध्ये. पान्यांच्या खाली."

ते औषध मी त्या दिवसापासून आजपर्यंत रोज दोन वेळा त्यांच्या डोळ्यात घालते, एक दिवस चुकवलेला नाही. पण तेव्हा टूलबॉक्स हा शब्द ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"गाडीचं काय म्हणाले डॉक्टर?"

"नको म्हणाले."

"आणि तुम्ही ही गाडी घेऊन मला कोकणात आणलंत."

"अर्धी बांधून झाली होती तेव्हा. आणि तुला किती वर्षं सांगत होतो, दाखवतो म्हणून." त्यांचा आवाज खाली गेला. "हा एक उन्हाळा काढू, असा विचार केला. नंतर सांगणारच होतो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला ते विचारायचंच नव्हतं. तरी विचारलं. "आणि रात्रीचं जेवण?"

त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली.

"भूपालराव, मी विचारतेय. रात्रीचं जेवण का सोडलंत?"

"संध्याकाळ झाली की मला धुकं पडल्यासारखं होतं. पाचला गाडी उभी करायला काहीतरी कारण पाहिजे होतं. दुसरं कुठलं कारण तू ऐकलं नसतंस."

आता तुम्हाला मी वाईट वाटेन, पण सांगते. नवऱ्याचा डोळा गेला याचं दुःख मला झालंच. पण त्या घडीला मला राग आला तो नेमाचा. बस्तीतल्या सगळ्या बायकांना मी सांगितलं होतं. सासूबाईंच्या फोटोपुढं उभी राहून सांगितलं होतं, की आई, तुमचं ऐकलं बघा. माझे डोळे भरून आले.

"देवाच्या नावानं मला फसवलंत," मी म्हटलं.

"देवाला कुठं फसवलं?" ते हळूच म्हणाले. "खरंच जेवत नव्हतो की."

दुसरा प्रसंग असता तर मी हसले असते. मी ताट बाजूला सारलं.

"उद्या घाट आहे," मी म्हटलं. "तुम्ही गाडी चालवायची नाही."

"राजमती, घाट मला पाठ आहे. डोळे झाकून..." एवढं बोलले आणि थांबले. मग माझ्याकडं सरकून बसले. माझ्या उजव्या बाजूला नाही, समोर, मी नीट दिसेन असे. "एवढा एक घाट चढवू दे. सकाळच्या उजेडात चढवतो, दारात गाडी लावतो आणि किल्ली तुझ्या हातात देतो. परत मागणार नाही. पण भूपाल चौगुलेची गाडी दुसऱ्यानं घरी आणली, असं करू नको. एकतीस वर्षांत माझ्या हातनं एक अपघात नाही. कुणाला विचार."

इतक्या अजिजीनं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मागणी घालायला आले तेव्हासुद्धा नाही. आणि माझं मन पाघळायला लागलं, हे मी लपवत नाही. एकच घाट, सकाळचा उजेड, मी शेजारी बसेन, डावीकडचं मी सांगत जाईन. एक पाऊलभर मी त्या वाटेनं गेलेही होते. मग माझा हात दुखला.

मी ते दाखवणार नव्हते. दिवसभर दाखवलं नव्हतं. पण मी डावी बाही वर केली. कोपराच्या वर लिंबाएवढं टेंगूळ होतं आणि भोवती सगळं काळंनिळं.

"हे काय?" त्यांनी विचारलं. "कुठं पडलीस?"

"तुमचा आरसा लागलाय. डावा."

त्यांना कळेना.

"सकाळी तुम्ही आरशात बघत होता, तेव्हा मी आरशापाशीच होते. काच वाजवायला हात वर केला आणि गाडी निघाली. मी पडले. मागचं चाक माझ्या पायापासून वीतभर लांबून गेलं."

माझा दंड दोन्ही हातांत धरून त्यांनी उजेडाकडं वळवला आणि जवळ डोळा नेऊन बघितला. मग उठले, हात धुतले, खाली उतरून गाडीच्या डाव्या अंगाला गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. ताटात अन्न तसंच होतं. मला वाटलं, जावं, काहीतरी बोलावं. पण मी बसून राहिले. मी बोलले असते तर सांभाळून घेतलं असतं, आणि सांभाळून घ्यायचं नव्हतं.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"तुझी डायरी आण," म्हणाले. "लिहायला घे."

"काय लिहू?"

"अपघात झाला की त्याच दिवशी कळवायचं असतं. गाडी जागची हलवायची नसते. मी सकाळपासून हलवत राहिलोय, ती एक चूक झाली. लिही."

मी डायरी आणली. त्यांनी समोर पाय सोडून बसत मला सांगायला सुरुवात केली, डेपोत बसून सांगावं तसं. तारीख. वेळ सकाळी साडेनऊ. ठिकाण, ग्रामपंचायतीचा नळ. गाडीचा नंबर. चालक भूपाल जिनगोंडा चौगुले. वाहक राजमती भूपाल चौगुले.

"जखमी?" मी विचारलं.

"एक."

"नाव?"

"तुला माहीत नाही का?" खाकरून म्हणाले, "वाहकच. लिही."

"प्रकृती बरी, असं लिहिते."

"डॉक्टरला न दाखवता बरी कसं लिहितेस? उद्या दवाखान्यात जाऊ. ते कोरं ठेव."

"अपघाताचं कारण?"

यावर ते समुद्राकडं बघत बसले. सूर्य आता पार खाली आला होता. त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"मासळीच्या टेम्पोवाल्यानं चुकीची थाप दिली, असं लिहू का?" मी विचारलं.

"तसं लिहिलंस की चूक त्याची होते."

"मग काय लिहू?"

त्यांनी डायरी आपल्याकडं ओढली आणि परत सरकवली. मी म्हटलं, "राहू दे. हेही कोरं ठेवते." त्यांनी पेन घेतलं, खाली सही केली आणि पडदा सारून पुढच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली माझ्यापाशीच होती. त्या दिवशी आम्ही दोघं अर्धपोटीच राहिलो.

सकाळी उठून बघते तर हे आंघोळ करून, शर्ट घालून सुरूच्या झाडाखाली उभे. खिशावर बिल्ला नव्हता. हातात फोन.

"जावयांना लावतो," म्हणाले.

इचलकरंजीचे आमचे जावई गाड्यांचे भलते शौकीन, आणि जावई गाडीत असले तरी ह्यांनी त्यांच्या हातात कधी स्टिअरिंग दिलं नव्हतं. बाजूला बसवून वळण कसं घ्यायचं ते शिकवायचे. जावईही बिचारे ऐकून घ्यायचे. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. फोन लागला. पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"जावईबापू, भूपाल बोलतोय. गाडी घरी न्यायला माणूस पाहिजे. तुम्ही याल का?"

"का हो मामा? गाडी बंद पडली?"

मी हातानं खूण केली. हलकेच म्हटलं, "क्लच म्हणा. क्लच गेला म्हणा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"गाडी ठणठणीत आहे," ते फोनमध्ये म्हणाले.

"मग?"

"काल माझ्या हातनं अपघात झाला. तुमच्या मामींना लागलंय."

मग जावई म्हणाले, "तुमच्या हातनं? मामा, असं कसं होईल?"

आमच्या ह्यांनी श्वास घेतला. गाडी बिघडली की स्टँडवर उभं राहून ते प्रवाशांना सांगायचे, ही गाडी पुढं जाणार नाही, सगळ्यांनी उतरून घ्या. अगदी त्या आवाजात, एकेक शब्द वेगळा करून त्यांनी सांगितलं.

"मला दिसत नाही. डाव्या बाजूचं काहीच दिसत नाही. मी आता गाडी चालवत नाही."

जावई दुपारच्या गाडीनं निघतो म्हणाले. ह्यांनी फोन खिशात टाकला आणि चहासाठी हात पुढं केला. मी कप दिला. ते झाडाला टेकून, समुद्राकडं बघत, सावकाश चहा प्यायले. मी आत गेले, डायरी उघडली आणि कोऱ्या सोडलेल्या कारणापुढं त्यांनी म्हटलं तसंच लिहिलं, चालकाला दिसत नव्हतं. खाली वाहकाची सही राहिली होती, ती केली.